उलट्या गाण्यांचा इलाज

डेथ मेटल नावाचं संगीत उलटं लावल्यावर कसं ऐकू येतं, हे ज्याने रोज संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता ऐकलेलं नाही, त्याने माझ्या संतापाबद्दल एक शब्दही बोलू नये. मी ऐकलंय. भोकरदनला शाळेत विज्ञान शिकवायला होते तेव्हा एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते, आणि खाली राहणाऱ्या घरमालकांनी मला ते ऐकवलं. दिवेलागण झाली की खालच्या खिडकीत एक काळा स्पीकर यायचा, तोंड गल्लीकडे, आणि सुरू. आधी लांबून झांजांचा आवाज फुगत फुगत यायचा आणि ऐन भरात आला की कापल्यासारखा बंद. मग ढोल, तेही तसेच, शेपटीकडून डोक्याकडे. आणि मग तो गाणारा. सरळ ऐकलं तर तो घशातून गुरगुरतो म्हणे. उलटं ऐकलं तर एखादा राक्षस बशीतून कढत चहा भुरकतोय असं वाटतं. तासभर हे चालायचं. माझ्या पोळ्या करपायच्या.

आता हे घरमालक म्हणजे कोणी केस वाढवलेला तरुण असता तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण हे काका बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून जन्म काढून निवृत्त झालेले, कपाळाला अष्टगंध, स्वच्छ पांढरा शर्ट, बायको वारलेली, एकुलती एक मुलगी पुण्याला नोकरीला. माइकवर गाड्या पुकारण्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांचं बोलणंच तसं झालं होतं. मी गॅसवर दूध ठेवून विसरले की खालून आवाज यायचा, ‘मॅडम, दूध फलाटाला लागलेलं हाय.’ घड्याळ असून ते वेळ घड्याळात बघत नसत. ‘जाफराबाद येऊन गेली का?’ असं विचारलं म्हणजे समजायचं, पाच वाजून गेलेत. कोणी नुसत्याच बाता मारणारा भेटला की म्हणायचे, ‘ह्याची गाडी लागती, पण सुटत न्हाई.’ वरणफळं केली की पहिली वाटी जिना चढून माझ्याकडे यायची. सांगायचं कारण एवढंच, की माणूस वाईट नव्हता. म्हणूनच माझा राग कुठे नीट बसत नव्हता.

आणखी एक खोड त्यांची, जी मला पहिल्यापासून डोक्यात गेली. ते कुणालाही नाही म्हणायचे नाहीत. स्टँडवर होते तेव्हाही गाडी रद्द झालेली आहे हे त्यांना ठाऊक असायचं आणि तरी माणसं विचारायला आली की म्हणायचे, ‘येऊन राह्यली, बसा.’ लोक पोरंबाळं, गाठोडी घेऊन दुपारभर बसून राहायचे. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं होतं. मी म्हटलं, ‘काका, हा चांगुलपणा नाही, हा छळ आहे.’ तर म्हणाले, ‘तोंडावर न्हाई म्हणवत न्हाई, मॅडम. माणूस लय उतरतंय.’

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मी माझे इअरफोन घेऊन खाली गेले. म्हटलं, ‘काका, तुम्हाला आवडतं ना? हे कानात घाला आणि पाहिजे तेवढं ऐका.’ त्यांनी ते हातात घेऊन बघितले, चांगले आहेत म्हणाले आणि परत दिले.

‘कानात घातल्यावर गल्लीला कसं कळंल?’

‘गल्लीला कशाला कळायला पाहिजे?’

त्यावर त्यांनी जाफराबाद येऊन गेली का ते विचारलं.

गल्लीला काय कळायला हवं होतं ते मला समोरच्या बाईंनी सांगितलं, तेही कौतुकाने. काकांच्या मुलीवर उतारा चालू होता. मुलगी पुण्यात ऑफिसात काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी एका बँडमध्ये गायची. तिचा एक व्हिडिओ फिरत फिरत नातेवाइकांच्या मोबाइलवर आला. त्यात तिचे केस मोकळे, कमरेतून वाकून मान गरागरा फिरतेय, आणि तोंडातून पुरुषालाही लाजवेल असा घोगरा आवाज. त्या प्रकारच्या गाण्यात असंच करतात, जगभर करतात. पण आपल्याकडे बाई केस सोडून घुमायला लागली आणि तिच्या तोंडून बाप्याचा आवाज आला, तर लोक त्याचा एकच अर्थ काढतात. घरादाराने काढला. पुण्याच्या एका हॉलमध्ये दिवे, धूर, टाळ्या वाजवणारी पोरं, सगळं व्हिडिओत दिसत असून एकालाही ते दिसलं नाही. दिसले ते केस.

मग कुणा लांबच्या महाराजांनी काकांना इलाज सांगितला म्हणे. पोरीने आजवर ऐकलेली आणि गायलेली गाणी उलटी लावायची. कानातून जे सुलटं आत शिरलंय ते उलटं होऊन बाहेर पडतं. सव्वा वर्ष, रोज, उघड्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकणाऱ्या गल्लीला हे ताबडतोब पटलं. समोरच्या बाई म्हणाल्या, ‘बराबर हाय की. गुंता झालेला दोरा उलटाच सोडवावा लागतो.’ एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण मग बायका आपापल्या पोरांचे मोबाइल घेऊन काकांकडे यायला लागल्या. कुणाचं पोरगं अभ्यास करत नाही, कुणाचं रात्रंदिवस लग्नातल्या डीजेची गाणी ऐकतं, त्यांची गाणी उलटी करून द्या. आणि काका द्यायचे! नाही कसं म्हणणार? उलटं गाणं ऐकून पोरं खो-खो हसायची, आयांनाही हसू फुटायचं, चहा व्हायचा, आणि आया म्हणायच्या, बघा, फरक पडला.

मी सातवीला ध्वनीचा धडा शिकवत होते. कंपन, लहरी, फळ्यावर आकृती काढलेली. मागच्या बाकावरून हात वर झाला. ‘मॅडम, गाणं उलटं लावलं की भूत निघतं ना?’ मी म्हटलं, कुणी सांगितलं तुला हे? तर सगळा वर्ग एका सुरात, ‘तुमच्याच घरी निघून राह्यलं ना, मॅडम!’ मी खडू ठेवला. शाळा सुटल्यावर रस्ताभर मनात भाषण तयार करत आले, आणि वर जायच्या आधी काकांच्या खोलीतला तो स्पीकर उचलून त्यांच्या पुढ्यात आदळला.

‘मी खोली सोडतेय. मी दिवसभर जे शिकवते ते तुम्ही संध्याकाळी धुऊन टाकता. स्वतःच्या शिकलेल्या मुलीवर असले प्रकार करताना लाज कशी वाटत नाही तुम्हाला? आणि ते महाराज कोण आहेत ते मला सांगा, मी त्यांच्याकडेच जाते.’

काकांनी उठून खिडकी लावली. दारही लावलं.

‘कुणी महाराज न्हाई, मॅडम. मीच हाय.’

मग जे सांगितलं ते असं. काकांचे थोरले भाऊ, ज्यांना घरात लहानथोर सगळेच आबा म्हणत, परतूर तालुक्यातल्या आष्टीत राहायचे. जमीनजुमला मोठा, कुटुंबात त्यांचा शब्द शेवटचा. व्हिडिओ बघून आबांनी ठरवलं की पोरीला एका ठिकाणी न्यायचं. तसल्या ठिकाणी बाधा झालेल्यांना साखळीने बांधून ठेवतात, बरं वाटेपर्यंत. मागे त्यांच्या चुलत घरातल्या एका सुनेला नेलं होतं.

‘चांगली हसती-बोलती पोरगी होती, मॅडम. वापस आली तवापासून कुणाशी बोलत न्हाई. नुसती बसून राहती. आबा म्हणतेत, बरी झाली.’ काका हाताने टेबलावरची धूळ पुसत होते. ‘आबा जीप घेऊन पुण्याला निघाले होते. मला काही सुचंना. म्हणलो, इलाज चालू केलाय. कोणता, म्हणले. त्या दिवशी मोबाइलच्या दुकानात एक पोरगं कायतरी गाणं उलटं लावून हसून राह्यलं होतं, तेच तोंडात आलं. म्हणलो, सव्वा वर्ष लागंल. तवर पोरीला हात लावायचा न्हाई, न्हाईतर निघालेलं भूत हात लावणाऱ्याच्या घरी ऱ्हायला जातं.’

‘हे शेवटचं कुठून सुचलं?’

‘आबा घराला लय जपतेत,’ काका म्हणाले.

मला हसू आलं आणि त्याचाही राग आला. मी म्हटलं, ‘काका, सरळ सांगायचं ना भावाला, की तिला काहीही झालेलं नाही, आणि नेऊ देणार नाही म्हणून. तुमची मुलगी आहे ती. पोलीस आहेत, कायदा आहे. तुम्ही एवढ्या मोठ्या माणसाने स्पीकर लावून नाटकं कशाला करायची?’

‘सांगून ऐकणारे असते तं सांगितलंच असतं की.’

‘सांगून बघितलंत का?’

 त्यावर त्यांनी मोबाइल काढून तो व्हिडिओ मला दाखवला, आवाज पूर्ण बंद करून. सुलटा आवाज चुकून बाहेर गेला असता तर इलाज बिघडला म्हणून गल्लीत बोभाटा झाला असता. मुकी मुलगी पडद्यावर मान फिरवत होती, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. काका म्हणाले, ‘दम बघा पोरीचा. एवढा दम माझ्यात असता तं माइकबिगर गाड्या सोडल्या असत्या.’ तो व्हिडिओ त्यांनी पहिल्यापासून असाच मुका बघितला होता; बापाने मुलीचं गाणं एकदाही सुलटं ऐकलेलं नव्हतं. मी खोली सोडली नाही, पण चिडचिड कमी झाली असं कोणी समजू नये. वाढली. आधी मी एका अडाणी माणसावर चिडत होते, आता एका शहाण्या माणसावर चिडायला लागले.

आबांना मी प्रत्यक्ष बघितलं ते एका रविवारी. भोकरदनला नात्यातलं लग्न होतं, ते उरकून आबा दोन सुनांना घेऊन जीपने इकडे आले. इस्त्रीचा पांढरा पायजमा, बोटात अंगठ्या. खुर्चीत बसले आणि म्हणाले, ‘लाव. इलाज कसा चालूय बघू दे.’ काकांनी स्पीकर लावला. आबा डोळे मिटून, मान डोलवत, कीर्तनाला बसल्यासारखे ते भुरके ऐकत होते. मी जिन्यात उभी राहून दात खात होते.

तेवढ्यात फाटकातून मुलगी आत आली. पाठीला सॅक, धुळीने माखलेले बूट. गल्लीतल्या तिच्या मैत्रिणीने तिला त्या उलट्या गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, आणि ते ऐकून ती न कळवता पुण्याहून निघून आली होती. ती सरळ खिडकीपाशी गेली आणि तिने स्पीकर बंद केला.

‘बाबा, हे माझं गाणं आहे.’

आबांनी डोळे उघडले. ‘आली का. बरं झालं, जीप दारातच हाय.’ आणि सुनांकडे वळून, ‘बसवा गं हिला गाडीत.’

दोन्ही सुना उठल्या. मुलगी जागची हलली नाही. आबांकडे तिने बघितलंही नाही.

‘बाबा, तुम्ही सांगा. तुम्हाला वाटतं माझ्या अंगात काही आहे म्हणून?’

काकांनी आबांकडे पाहिलं, सुनांकडे पाहिलं, दारातल्या जीपकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, बोला हो, एकदा तरी बोला.

‘हाय,’ काका म्हणाले. ‘हाय म्हणून तं इलाज चालू हाय. आबा, सव्वा वर्ष व्हायला लय टाइम हाय अजून. मधीच धरलं तिला, तं ते तुमच्या घरी येतं, सांगून ठेवतो.’

सुना एका क्षणात खाली बसल्या. आबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मुलगी वडलांकडे बघत राहिली.  मग ती फाटकाबाहेर पडली आणि स्टँडकडे चालायला लागली. कोणीही तिला हात लावला नाही. संभाजीनगरची गाडी तिला मिळाली असं नंतर कळलं.

संध्याकाळी मी काकांना इतकं बोलले की माझाच घसा बसला. ते एकच म्हणत होते, ‘सुटली ना पण, मॅडम? सुखरूप सुटली ना?’ आणि तिला यातलं काही सांगू नका म्हणून हात जोडत होते. तिला कळलं तर ती आबांना फोन करून झाडणार, मग सगळं मुसळ केरात. मी कसलंही वचन दिलं नाही. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या तिच्या त्या मैत्रिणीकडून नंबर घेतला आणि शाळेच्या आवारातून तिला फोन करून सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, पोरगी रडेल, वडलांना फोन करेल, मिटेल. ती शांतपणे ऐकत राहिली.

‘मॅडम, मला आबांची भीती कधीच नव्हती,’ ती म्हणाली. ‘मी ओरडले असते, पोलिसात गेले असते, काहीही केलं असतं. मला फक्त बघायचं होतं, बाबा नाही म्हणतात का. तेवढ्यासाठी पुण्याहून आले होते.’

‘अगं, तुला वाचवायलाच ते—’

‘वाचवा म्हणून मी म्हटलंच नव्हतं.’

हे मी शब्दन् शब्द काकांना येऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि दिवेलागणीला स्पीकर खिडकीत ठेवला. काय म्हणावं या माणसाला! मुलीने बोलणं टाकलं. तिचा फोन येईना, हे करीनात. पण इलाज एक दिवस चुकला नाही. चुकला असता तर आष्टीहून जीप निघाली असती, हे त्यांचं म्हणणं. मला आता त्या गाण्यांची चालही पाठ झाली होती, उलटी. कधी कधी वर्गात फळा पुसताना मी तीच गुणगुणतेय हे लक्षात येऊन माझी मीच चिडायचे. वरणफळांची वाटी यायची, मी घ्यायचे, पण बोलायचे नाही. ते जिन्यात थोडा वेळ उभे राहून खाली जायचे.

सव्वा वर्ष पुरं झालं त्या आठवड्यात आबा आले. हातात पेढ्यांचा पुडा. मी शाळेच्या वह्या तपासत खालीच बसले होते, उन्हामुळे वर बसवत नव्हतं. आबांनी बसल्या बसल्या जाहीर केलं की पोरगी बरी झाली, इलाजाला गुण आला, आणि आता जल्दी उरकून घ्यायचं. मुलगा पाहून ठेवलाय. मोसंबीची बाग आहे, घरी ट्रॅक्टर आहे.

‘गुरुवारी पाहुणे यायलेत. पोरीला बोलावून घे.’

‘न्हाई,’ काका म्हणाले.

मी वहीतून मान वर केली. आबांना वाटलं वाराचं काही आहे. ‘गुरुवार न्हाई तं शुक्रवार.’

‘शुक्रवार न्हाई आन् गुरुवारबी न्हाई. पाहुणेच नका आणू, आबा. तिला काही झालंच नव्हतं. महाराज न्हाई, इलाज न्हाई, काही न्हाई. ती गाणं म्हणती. तिचं काम हाय ते.’

आबांचा पेढा हातातच राहिला. ‘मंग सव्वा वर्ष सगळी गल्ली डोक्यावर घेतलीस ते काय होतं?’

 काकांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

‘मला तुमचं भेव वाटत होतं,’ ते म्हणाले. ‘दुसरं काही नव्हतं.’

आबा उठले.  दारापर्यंत गेले, परत आले, टेबलावरचा पेढ्यांचा पुडा उचलला आणि घेऊन गेले. जीप सुरू झाल्याचा आवाज आला.

मला काकांचं कौतुक वाटायला हवं होतं. वाटलं नाही. संताप आला. हे एवढंसं बोलायला या माणसाने सव्वा वर्ष लावलं, आणि बोलला तेव्हा समोर कोण, तर मी आणि सातवीच्या वह्या. जिने हे ऐकायला पाहिजे होतं ती पुण्यात. मी त्यांना विचारलं नाही, सांगितलं नाही, माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन त्यांच्या हातात दिला. ते परत द्यायला लागले. मी हात मागे घेतले.

‘हॅलो, मॅडम?’ ती म्हणाली.

‘मी हाय,’ काका म्हणाले.  मग एकदम म्हणाले, ‘आज आबांना न्हाई म्हणलो, बाई.’

 

‘तोंडावर?’ तिने विचारलं.

‘तोंडावर.’

‘मोठ्याने?’

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी मदत केली नाही.

‘मोठ्यानं न्हाई जमलं,’ ते म्हणाले. ‘पण आबांना ऐकू गेलं.’